पित्ताशय जागेवर आहे

माझं पित्ताशय जागेवर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात चारशे माणसं आहेत आणि त्यातल्या निदान तीनशे नव्वद जणांची खात्री होती की मार्चमध्ये शहरातल्या मोठ्या इस्पितळात ते काढून टाकलं. त्यातून किती खडे निघाले तेही लोक एकमेकांना सांगत होते. चौदा. हा आकडा कुठून आला देव जाणे, पण चौदावर गावाचं एकमत होतं.

मी मार्लिस. मिनेसोटाच्या उत्तरेला, तळ्याच्या काठावर आमचं गाव आहे आणि तेवीस वर्षं तिथल्या चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली माझ्याकडे आहे. कोणी गेलं की मयतीनंतर चर्चच्या तळघरात जेवण असतं, ते मी बघते. कोणी आजारी पडलं की त्यांच्या घरी कोणी कधी हॉटडिश न्यायची, हेही मीच ठरवते. हॉटडिश म्हणजे खिमा, डब्यातलं मशरूमचं सूप आणि वर बटाट्याचे छोटे गोळे, सगळं काचेच्या एका भांड्यात घालून भट्टीत भाजलेलं. चवीला कोणी खात नाही. ते आलं की कळतं, गावाला आपलं दुखणं समजलं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं. भांडं परत करताना रिकामं द्यायचं नाही, आणि पट्टी काढायची नाही. याची माझ्याकडे एक वही आहे. कोणाला काय झालं, कोणी काय नेलं, सगळं त्यात.

सात वर्षांपूर्वी त्या वहीत मी माझंच नाव लिहिलं. माझी लेक कॅरी गेली तेव्हा. बावीस वर्षांची होती. जानेवारीत हिमवादळात गाडी हायवेवरून घसरली. मयतीला दोनशे माणसं आली, आणि त्या दोनशे माणसांना कॉफी कोणी ओतली? मी. स्वतःच्या लेकीच्या मयतीच्या जेवणात मी ॲप्रन बांधून टेबलाटेबलांवरून किटली घेऊन फिरले. कोणी म्हणालं नाही, अगं बस. सगळे म्हणाले, मार्लिस म्हणजे दगड आहे, दगड! आमच्याकडे ही स्तुती असते. मलाही ती आवडली, खोटं कशाला बोलू. पुढची सात वर्षं कोणी विचारलं, कशी आहेस, की मी म्हणायचे, "तसं बरं आहे." आमच्याकडे घर जळत असलं तरी माणूस तसंच म्हणतो.

मग या हिवाळ्यात दगडाला उठवेना. आधी अंघोळ सुटली, मग स्वयंपाक सुटला, मग बोलणं सुटलं. आणि मार्चमध्ये एका सकाळी मी गोठलेल्या तळ्यावर चालत गेले. यंदा थंडी लवकर ओसरली होती. बर्फावरच्या मासेमारीच्या लाकडी खोल्या लोकांनी दोन आठवड्यांपूर्वीच ओढून काठाला आणल्या होत्या. त्यानंतर बर्फ पातळ होतो, आमच्याकडे त्यावर कुत्रंसुद्धा जात नाही. मला हे माहीत नव्हतं असं कोणी समजू नये. माहीत होतं म्हणूनच गेले होते.

ऑर्लिन, माझा नवरा, काठावर आला. ओरडला नाही, धावला नाही. धावला असता तर दोघंही गेलो असतो. तो रोजच्याच आवाजात म्हणाला, "मार्लिस, कॉफी झालीये."

मी वळले आणि आले. कॉफी झाली की आपण येतो, एवढंच अंगात शिल्लक होतं. त्याने खरंच एक कप दिला, मग गाडी काढली आणि एकशे दहा मैल माझा हात धरून एका हाताने चालवली. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर मी एकोणीस दिवस राहिले. गोळ्या दिल्या, झोप दिली, आणि एक समुपदेशक बाई दिली. ती स्वतःची नखं कुरतडायची, त्यामुळे मला आवडली. कॅरीबद्दल तिने इतकं विचारलं, इतकं विचारलं, की सात वर्षांत गावाने मिळून तेवढं विचारलं नव्हतं. रडू मात्र आलं नाही. निघायच्या दिवशी ती म्हणाली, "गोळ्या चुकवायच्या नाहीत, दर पंधरा दिवसांनी मला भेटायचं. आणि एक गृहपाठ. कशी आहेस असं कोणी विचारलं, तर 'तसं बरं आहे' म्हणायचं नाही. खरं सांगायचं. तुम्ही त्या तीन शब्दांवरून चालत चालत बर्फावर गेलात, मार्लिस."

हे मला पटलं. फारशा गोष्टी मला पटत नाहीत, पण ही पटली.

घरी आले तर गॅरेजमधला फ्रीझर भरलेला. अकरा हॉटडिशेस. मला वाटलं, गावाला कळलं आणि तरीही गावाने जेवण पाठवलं! मी तिथेच फ्रीझरच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिले. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. ते हलकेपण साधारण चार मिनिटं टिकलं, कारण तेवढ्यात व्हर्ना आली.

व्हर्ना म्हणजे ऑर्लिनची मोठी बहीण. कुत्र्याला खायला घालायला कोणीतरी हवं म्हणून ऑर्लिनने एकट्या तिलाच खरं सांगितलं होतं.

"पित्ताशय," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलंय की पित्ताशय काढलं. टाके विचारले तर भरताहेत म्हण. वजन उचलायचं नाही सहा आठवडे, लक्षात ठेव, नाहीतर पकडली जाशील."

"व्हर्ना, माझं पित्ताशय आहे ना पोटात."

"ते कोण बघायला येणार आहे? अगं, सांगायचं काय होतं मग मी? मार्लिसचं डोकं फिरलं? बर्फावर गेली जीव द्यायला? तुझ्यासाठीच केलं ना सगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सात वर्षं झाकली, व्हर्ना. बोटं आखडली आता."

"बोटांचं राहू दे. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांचे आभार मान, टाके बरे आहेत म्हण, विषय संपव. हे बाहेर फुटलं ना, तर चर्चची कमिटी तुझ्याकडे किल्ली ठेवणार नाही. सुऱ्या असतात त्या स्वयंपाकघरात, मार्लिस. लोक विचार करतात."

ती तळमळून बोलत होती. वाईट बाई नाही व्हर्ना. तिने नाव न लावता एक बारावी डिशही स्वतः करून ऑर्लिनला भरवली होती. पण मी तिच्याकडे बघत होते आणि मला एकच दिसत होतं: रविवारी मी "टाके बरे आहेत" म्हटलं की मी पुन्हा बर्फावर. आज नाही, उद्या नाही, पण पुढच्या मार्चमध्ये नक्की. आणि त्या वेळी ऑर्लिन कदाचित दुकानात गेलेला असेल.

ती गेल्यावर मी वही काढली. म्हटलं, गावात अशी मी पहिलीच का? आणि अर्धा तास पानं उलटल्यावर मला नसलेलं एक नाव सापडलं. नाव नसलेलं कसं सापडतं ते सांगते. बारा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरचं पान होतं. एका बाजूला कोणाचं तरी माकडहाड, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी प्रोस्टेट, आणि मध्ये काहीच नाही. पण मला तेव्हाच्या कमिटीच्या बैठकीतलं आठवलं. कोणीतरी विचारलं होतं, ॲर्डिसकडे काही पाठवायचं का? ॲर्डिस आमच्याच कमिटीतली, बटाट्याची कोशिंबीर तिची. तिसरं मूल पोटातच गेलं, त्यानंतर ती त्याच तिसऱ्या मजल्यावर सहा आठवडे होती. सगळ्यांना माहीत होतं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तिला एकटं राहायचं असेल. उगाच भोचकपणा नको." आणि वही मिटली.

मी मिटली. दुसऱ्या कोणी नाही. ॲर्डिस परत आली तेव्हा तिच्या फ्रीझरमध्ये बर्फाशिवाय काही नव्हतं. तेव्हापासून ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. आम्ही म्हणायचो, ॲर्डिस जरा विक्षिप्त झालीये. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या याच.

शुक्रवारी मी खिमा परतला, हॉटडिश केली आणि ॲर्डिसच्या दारात जाऊन उभी राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. भांडं हातातच होतं आणि गरम होतं.

"हे काय?" ती म्हणाली.

"तुझं आहे. बारा वर्षांपूर्वीचं. त्या ऑक्टोबरचं."

तिने भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गार झालं असेल," ती म्हणाली.

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वही कोणी मिटली ते. पित्ताशय कुठे आहे ते. मार्चमध्ये कुठे गेले होते आणि एकोणीस दिवस कुठे होते ते. तिने दाराची कडी एकदाही सोडली नाही.

"मला कोणी आलं नाही म्हणून वाईट वाटलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "खोटं बोलतेय. वाटलं होतं. सहा महिने रोज दाराकडे बघायचे मी. आणि सगळ्यात जास्त तुझी वाट बघायचे, मार्लिस, कारण वही तुझ्याकडे होती. लोकांच्या मोडलेल्या बोटालाही तू डिश पाठवायचीस."

"हो."

"हो काय हो? माफ केलं म्हणेन असं वाटलं तुला?"

"नाही. डिश द्यायला आले होते."

"ठेव तिथे," ती म्हणाली आणि पायरीकडे बोट दाखवलं. "मला मशरूम चालत नाही. बारा वर्षांपूर्वीही चालत नव्हतं." आणि दार लागलं.

घरी येऊन मी ऑर्लिनला म्हटलं, तिने हाकललं मला. तो म्हणाला, "बरं केलं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तू गेलीस तेही बरं केलं." ऑर्लिनच्या मानाने हे भाषण होतं.

शनिवारी मी हॉटडिशेस आमच्या डब्यांत काढून भांडी धुतली, लिंबाच्या वड्या केल्या आणि अकराही भांड्यांत भरल्या. पण भरण्याआधी एकेक भांडं पालथं घातलं आणि मालकिणीच्या नावाखाली चिकटपट्टीचा नवा तुकडा लावला. त्यावर जाड पेनने लिहिलं, "पित्ताशय नव्हतं. डोकं आजारी होतं. जेवणाबद्दल आभार. मार्लिस." अकरा वेळा लिहिलं. पहिल्या तीन भांड्यांवर अक्षर वाकडं आलं. नंतर राग यायला लागला आणि अक्षर सुधारलं. ऑर्लिन शेजारी उभा राहून मला पट्टीचे तुकडे कापून देत होता.

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे तळघरात उतरले. तिथे नेहमीसारखी कॉफी होती, नेहमीसारखी लांब टेबलं होती आणि एका टेबलावर माझी अकरा भांडी ओळीने मांडलेली. व्हर्नाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मार्लिसने वड्या आणल्यात! टाके असूनही!"

बायका आल्या. भांडी सगळी एकाच दुकानातली, एकाच मापाची, तेव्हा ओळखायचं बुडाकडे बघूनच. सगळ्यांनी भांडी डोक्याच्या वर उचलली आणि माना मागे टाकून वाचायला लागल्या. मी किटली धरून उभी होते. माझ्या जिवाची शपथ, मला ते दृश्य आवडलं. अकरा बायका चर्चच्या तळघरात वर बघत उभ्या, आणि एक एक करून सगळ्यांचं बोलणं बंद पडलं.

मग एकजण म्हणाली, "काल वारा फार होता नाही?"

"फारच," दुसरी म्हणाली. "आमचा मेलबॉक्स पडला."

मला वाटलं होतं लोक चिडतील, पळतील, निदान खाकरतील तरी. मेलबॉक्स! मी जीव द्यायला निघाले होते आणि यांचा मेलबॉक्स पडला.

व्हर्नाने एकीच्या हातातलं भांडं घेऊन वाचलं होतं. ती लाल झाली आणि नखाने पट्टी खरवडायला लागली. माझ्या कानाशी येऊन फुसफुसली, "काढ. सगळ्या काढ. कपड्याने पूस."

"पट्टी काढत नाहीत, व्हर्ना. रीत आहे आपली."

तेवढ्यात कोपऱ्यातून हेल्मर ओरडला. हेल्मर ब्याऐंशी वर्षांचा, विधुर, दोन्ही कानांनी ठार बहिरा, आणि वड्यांसाठी नेहमी पहिला. "काय लिहिलंय? मला दिसत नाही, काय लिहिलंय?"

"आभार लिहिलेत!" व्हर्ना ओरडली. "आभार!"

"कशाबद्दल?"

"पित्ताशयाबद्दल!"

आणि मग मला राहवेना. पट्टीवर लिहिणं सोपं होतं, पण त्या म्हाताऱ्याला ऐकू जायचं तर सगळ्या तळघराला, वरच्या मजल्याला आणि बहुतेक रस्त्यालाही ऐकू जाणार होतं. म्हटलं, जाऊ दे.

"पित्ताशय नव्हतं, हेल्मर! डोकं आजारी होतं माझं! कॅरी गेल्यापासून! तिसऱ्या मजल्यावर होते मी एकोणीस दिवस!"

हेल्मरने वडी चावून संपवली.

"तिसरा मजला?" तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज, तोही रस्त्यापर्यंत. "तिथे अजून ती हिरवी जेली देतात का?"

व्हर्नाच म्हणाली, "हेल्मर, तू कधी होतास तिथे? तुझं तर गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं."

"माझे गुडघे?" हेल्मर उठून उभा राहिला आणि त्याने दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या. "हे एक दिवस दुखले नाहीत! घोड्याचे गुडघे आहेत. गुडघा म्हणून बायकोने सांगितलं होतं सगळ्यांना. एकोणनव्वद साली. नऊ डिशेस आल्या गुडघ्यासाठी. दोन महिने लंगडत चाललो मी, लोकांना बरं वाटावं म्हणून." तो खाली बसला. मग जरा हळू, म्हणजे फक्त तळघरापुरतं, म्हणाला, "सगळ्या डिशेस खाल्ल्या. एकही नीट उतरली नाही घशाखाली. वाटायचं, दुसऱ्याच कोणाचं खातोय."

"माझ्या वेळी जेली लाल होती," मागून आवाज आला.

ॲर्डिस. जिन्याच्या पायथ्याशी उभी होती, कोट न काढता, आणि हातात माझं भांडं. बारा वर्षांत ती प्रार्थना संपली की सरळ गाडीत बसून घरी जायची. आज ती खाली उतरली होती. लोकांनी तिला वाट करून दिली, थोडी जास्तच. ती सरळ माझ्यापुढे आली आणि भांडं टेबलावर ठेवलं. आत बटाट्याची कोशिंबीर होती.

"मशरूम वेचून काढले," ती म्हणाली. "एक तास लागला. कशी आहेस?"

सगळे ऐकत होते. व्हर्नाने माझी बाही धरली होती. जिभेवर ते तीन शब्द आयते येऊन बसले, सवयच ती.

"वाईट आहे," मी म्हणाले. "काल बरी होते. आज वाईट आहे. उद्याचं माहीत नाही."

"हं," ॲर्डिस म्हणाली. "मग ती किटली कशाला धरून उभी आहेस?"

मी खाली बघितलं. खरंच की. भांडी मांडली, ओरडले, एवढं सगळं झालं आणि माझ्या डाव्या हातात कॉफीची किटली तशीच. तीच किटली. सात वर्षांपूर्वीचीही हीच.

ॲर्डिसने ती माझ्या हातातून काढून घेतली. ओढावी लागली, कारण माझी बोटं सुटेनात. मग तिने पायाने खुर्ची सरकवली आणि म्हणाली, "बस."

बस. सात वर्षं मी या एका शब्दाची वाट बघत होते आणि मलाच ठाऊक नव्हतं. मी बसले. ॲर्डिसने कप ठेवून कॉफी ओतली आणि त्या आवाजाबरोबर माझ्या आतलं सगळं सुटलं. मी रडले. रुमालाआड नाही, मान वळवून नाही. तोंड उघडं टाकून, नाक गळत, कॅरीचं नाव घेत, माझ्या लेकीच्या मयतीला दोनशे माणसांपुढे रडायला हवं होतं तशी रडले. ऑर्लिन येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले.

"अगं मार्लिस," व्हर्ना कुजबुजली. तीही रडत होती, पण सवयीने दाराकडे बघत. "अगं, लोक बघताहेत."

"बघू देत," मी म्हणाले. "आणि किल्ली माझ्याकडेच राहील. वहीसुद्धा. त्यात दोन नावं घालायची राहिलीत."

"तीन," हेल्मर म्हणाला. त्याला ते कसं ऐकू आलं कोण जाणे.

ॲर्डिसने पुढच्या टेबलाकडे किटली नेली. मी कप उचलला आणि तिथेच, सगळ्यांच्या मध्ये, बसून कॉफी प्यायले.